ठाणावरचा वाचतो, कुरणातला जातो

इंदूरला वरातीची घोडी ठाणावर बांधलेली असते, पुढ्यात चारा अन् भिजवलेला हरभरा. घोड्यानं तोंड मिटलं की पागेतला मोतद्दार म्हणणार, शूळ उठला. ब्रिटनमधल्या ‘ग्रास सिकनेस’ची सुरुवातही अशीच शुळासारखी दिसते, पण तो गाठतो कुरणात चरणाऱ्याला. ठाणबंद घोड्याला तो क्वचितच होतो, आणि विषाचा संशय गवतावर आला तो इथूनच.

1907 ते 1909 च्या दरम्यान स्कॉटलंडमध्ये, डंडीजवळच्या बॅरी इथल्या लष्करी छावणीत याच आजारानं घोडे पटापट दगावले. आतडी चालवणाऱ्या चेतापेशीच मरतात, त्यामुळे पोटातलं पुढे सरकत नाही आणि नाकावाटे परत येतं. तीव्र झटका असेल तर दोन दिवसांत खेळ संपतो. पापण्या खाली उतरतात. एका डोळ्यात फेनिलएफ्रिन या औषधाचे थेंब घालून अर्धा तास थांबायचं. त्या बाजूची पापणी वर उचलली गेली, तर संशय बळावतो. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, पॅटागोनियात, अशाच आजाराला स्पॅनिशमध्ये ‘मल सेको’ म्हणतात, म्हणजे कोरडं दुखणं. मराठी कानाला त्यात वेगळाच ‘मल’ ऐकू येतो, आणि गंमत म्हणजे तोही खरा: लीद सुकून खडा होते.

1920 च्या दशकात टोकर या संशोधकानं बोट्युलिझमच्या (जिवाणूच्या विषानं होणारा आजार) जिवाणूवर बोट ठेवलं, लसही टोचून पाहिली. पण बोट्युलिझममध्ये स्नायू लुळे पडतात, चेतापेशी अशा मरत नाहीत. म्हणून ती कल्पना मागे पडली. 1970 च्या दशकात आजारी घोड्यांचा रक्तद्रव निरोगी तट्टांना टोचला, तर त्यांच्याही चेतापेशी बिघडल्या. माझ्या मते सगळ्या इतिहासातला हाच पक्का पुरावा: विष रक्तात फिरत होतं. फक्त त्याचं नाव कळलं नाही. मग संशयितांची रांग लागली: फ्युझेरियम बुरशी, सायनाइड सोडणारा पांढरा क्लोव्हर हा चारा (आपल्या बरसीमचा भाऊबंद), आणि 1990 नंतर पुन्हा बोट्युलिझमचाच जिवाणू, बोट्युलिनम, या वेळी ‘सी’ प्रकारचा. त्याच्या लसीची मोठी चाचणीही झाली, तरी वाद मिटला नाही.

अलीकडे एडिनबर्गच्या संशोधकांना चेता आणि स्नायू जुळतात तिथली मोडतोड बोट्युलिझमशी न जुळणारी दिसली. त्यांचा रोख फॉस्फोलायपेज जातीच्या, म्हणजे पेशींचं आवरण तोडणाऱ्या विषांकडे आहे. आपल्याकडच्या मण्यारीच्या विषात याच जातीचं विष असतं. कुरणात ते कोण बनवतं, बुरशी की जिवाणू, याचा शोध चालू आहे. तोवर ज्या रानात घोडा दगावला, तिथे वसंतात दुसरा सोडायचा नाही. आणून ठाणावर बांधायचा.