खारफुटीच्या पाल्याचे चारामूल्य

भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या झाडाझुडपांच्या पाल्यात पोषण किती असते आणि त्यातले जनावराच्या प्रत्यक्ष अंगी लागते किती, या दोन्हींवरून त्याचे चारामूल्य ठरते. पश्चिम किनाऱ्यावर चारा म्हणून मुख्यतः तिवराचा, म्हणजे अ‍ॅव्हिसेनिया प्रजातीतील झाडांचा, पाला वापरला जातो.

तिवराच्या वाळवलेल्या पाल्यात साधारण १० ते १२ टक्के प्रथिने आढळतात. पुणे जिल्ह्यातील गोठ्यांत नेहमी दिसणाऱ्या चाऱ्याशी ताडून पाहिल्यास हे प्रमाण ज्वारीच्या कडब्याच्या दुपटीहून अधिक, तर लसूणघासापेक्षा बरेच कमी भरते. मात्र केवळ या आकड्यावरून पाल्याची प्रत ठरवणे योग्य नाही. मुळांवाटे शिरलेले जादा मीठ तिवर पानांवरील ग्रंथींतून बाहेर टाकते व त्याचे कण पानांवर साचतात. पाल्यात एकूण क्षारांचे प्रमाण जास्त असल्याने ऊर्जा देणारा सेंद्रिय भाग तेवढा घटतो. असा चारा खाणाऱ्या जनावराला गोडे पाणी भरपूर लागते, आणि ते न मिळाल्यास खाणे मंदावून दूधही कमी होते.

दुसरी अडचण टॅनिनची, म्हणजे पाल्यातील व सालीतील तुरट द्रव्याची, आहे. कांदळ या खारफुटीच्या दुसऱ्या झाडाची साल कातडी कमावण्यासाठी वापरली जात आली, ती याच द्रव्यामुळे. टॅनिन प्रथिनांना घट्ट बांधून ठेवते व कोटीपोटातील (रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यातील) सूक्ष्मजीवांना ती मिळू देत नाही. म्हणून कांदळाचा पाला तिवरापेक्षा निकृष्ट मानावा लागतो. टॅनिन अल्प असल्यास मात्र काही प्रथिने कोटीपोटात न मोडता लहान आतड्यात पचतात, हा फायदाच होय. गेवा या झाडाचा चीक विषारी असून डोळ्यांत गेल्यास तात्पुरते अंधत्व येते. त्याचा पाला चाऱ्यात मुळीच येऊ देऊ नये.

या चाऱ्यावर खऱ्या अर्थाने पोसला गेलेला प्राणी म्हणजे कच्छचा खाराई उंट. रबारी व फकिराणी जत पशुपालकांचे हे उंट पाण्यातून पोहत खारफुटीच्या बेटांवर चरायला जातात आणि गोडे पाणी पिण्यासाठी किनाऱ्यावर परततात. २०१५ मध्ये त्यांना स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली.

पुण्यासारख्या घाटावरील जिल्ह्यात खारफुटी उगवत नाही, आणि निम्म्याहून अधिक वजन पाण्याचे असलेला ओला पाला घाट चढवून आणणे परवडणारे नाही. शिवाय मुंबई उच्च न्यायालयाने २००५ च्या अंतरिम आदेशाने व पुढे २०१८ च्या निकालाने राज्यातील खारफुटीच्या तोडीस मनाई केली आहे.