रंधा मशीन आणि कटर ब्लॉक : एका निवडीची पार्श्वभूमी

फळीची एक बाजू सपाट करणारा सरफेस प्लेनर आणि तिची जाडी एकसारखी करणारा थिकनेसर एकाच सांगाड्यावर असलेले रंधा मशीन घरच्या वर्कशॉपसाठी घ्यायचे ठरले की पुढचा प्रश्न कटर ब्लॉकचा, म्हणजे पाती बसवलेल्या फिरत्या दांड्याचा येतो, आणि बहुतेकांची गाडी तिथेच अडते. दोन-तीन सरळ पात्यांचा साधा ब्लॉक घ्यावा, की जादा पैसे मोजून दंडगोलावर वळसे घेत बसवलेल्या चौकोनी कार्बाइड तुकड्यांचा हेलिकल ब्लॉक घ्यावा, यावर मुंबईतल्या हौशी सुतारांमध्ये सरळ दोन तट पडले आहेत. एक तट सफाईची, म्हणजे रंधलेली फळी किती गुळगुळीत निघते याची, बाजू मांडतो, दुसरा खर्चाची. मागे वळून पाहिले तर कटर ब्लॉकचे रूप आजवर दोनदा पालटलेले दिसते. पहिल्यांदा त्याला कारण झाली ती कामगारांची बोटे आणि दुसऱ्यांदा धार लावण्याची कटकट. सफाईचा मुद्दा दोन्ही वेळी मागाहून आला.

फिरत्या पात्याने लाकूड रंधण्याची कल्पना इंग्लंडमधल्या १७९३ च्या एका पेटंटात सापडते, आणि १८०२ च्या दुसऱ्या पेटंटानुसार बांधलेले एक अवाढव्य यंत्र वुलविचच्या शस्त्रागारात बसवले गेले. अमेरिकेत १८२८ मध्ये फिरत्या रूळांनी फळी पुढे सरकवणाऱ्या यंत्राचे पेटंट निघाले, त्याला मुदतवाढीवर मुदतवाढ मिळत गेली आणि १८५६ पर्यंत तिथला रंधाईचा धंदा त्या एका कागदाच्या मुठीत राहिला. आजच्या निवडीशी या काळाचा संबंध एवढाच की तेव्हा रूढ झालेला ब्लॉक चौरस होता: पोलादाचा चौकोनी दांडा आणि त्याच्या बाजूंवर बोल्टने आवळलेली पाती.

हा चौरस ब्लॉक थिकनेसरमध्ये फारसा घातक नव्हता, कारण तिथे लाकूड रूळ ओढतात आणि हात लांब राहतो. सरफेसवर मात्र फळी हातानेच दाबून पुढे न्यावी लागते. चौकोनाचे कोपरे फिरायला जागा हवी म्हणून ब्लॉकच्या पुढच्या-मागच्या दोन्ही टेबलांमधली फट रुंद ठेवावी लागे, आणि कोपरा पुढे गेला की चपट्या बाजूसमोर खोल पोकळी उघडी पडे. फळी निसटली की बोटे त्या पोकळीत ओढली जात आणि पुढचा कोपरा येऊन त्यांचा चुरा करी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोल, म्हणजे दंडगोलाकार ब्लॉक पुढे आला. त्यात पाते पृष्ठभागाच्या जेमतेम बाहेर डोकावते, त्यामुळे अपघात झालाच तरी जखमेची खोली पाते जेवढे बाहेर आहे तेवढ्यावर राहते. ब्रिटनने १९२२ च्या नियमांत हाताने लाकूड सरकवायच्या सरफेस प्लेनरला गोल ब्लॉक सक्तीचा केला, आणि आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याखाली झालेल्या राज्याच्या नियमांत तीच अट जवळपास त्याच शब्दांत उतरली. असे नियम कारखान्यांपुरते असतात. घरातल्या किंवा भाड्याच्या गाळ्यातल्या हौशी वर्कशॉपकडे कोणी तपासायला येत नाही. म्हणूनच जुने ओतीव लोखंडी मशीन भंगारातून स्वस्तात मिळत असेल, तर पट्टा आणि बेअरिंग पाहण्याआधी टेबलाच्या फटीतून ब्लॉक हाताने फिरवून तो चौरस तर नाही ना, एवढे पाहून घ्यावे. चौरस निघाला तर ते मशीन फुकटही महागच पडेल.

मुंबईत या यंत्राचा प्रवास थोडा निराळा झाला. घरोघरी अस्सल लाकूड वापरले जाई त्या काळात बर्मा सागवान आणि सी.पी. (जुन्या मध्य प्रांतातले) सागवान रे रोडच्या वखारींतून कापून, हवे तर रंधूनही मिळत असे. उरलेले काम सुतार ज्याच्या घरी काम चालू असेल तिथेच मांडी ठोकून हातरंध्याने करत असे. पुढे प्लायवूड, ब्लॉकबोर्ड आणि सनमायका आले आणि सपाट, एकसारख्या जाडीची शीट तयार मिळू लागल्यावर सुताराला रंधा मशीनची गरजच उरली नाही; त्याच्या पेटीत कडा मारण्यापुरता इलेक्ट्रिक रंधा तेवढा राहिला. त्यानंतरच्या दोन घटनांनी अस्सल लाकूड आणखी दूर नेले. सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर १९९६ च्या आदेशाने जंगलतोडीवर आणि सॉ मिलांवर कडक बंधने आली, आणि एप्रिल २०१४ पासून म्यानमारने गोल ओंडक्यांची निर्यात थांबवली. आज घरी काम करणाऱ्याच्या हाती प्रामुख्याने आयात पाइन, खोक्यांची फळकुटे आणि पुनर्विकासात पाडलेल्या चाळींच्या तुळया-चौकटींतले जुने सागवान पडते. कटर ब्लॉकचा वाद मुंबईत नेमका या लाकडामुळे पेटतो, हे परदेशी व्हिडिओ पाहून मत बनवणाऱ्यांच्या लक्षात येत नाही.

जुन्या सागवानात दोन गोष्टी असतात. एक तर सागवानाच्या अंगातच सिलिका असते आणि ती पोलादी धार लवकर बोथट करते. दुसरे म्हणजे तुळईच्या आत मोडून राहिलेले खिळे, चुन्याचे खडे आणि ऑइलपेंटचे थर. आधी मॅग्नेट फिरवला तरी एखादा खिळा निसटतोच. सरळ पात्याला खिळ्याने दाता पडला, म्हणजे धारेत खाच पडली, की त्यानंतरच्या प्रत्येक फळीवर, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, बोटाला जाणवणारी एक बारीक उंच रेघ उमटू लागते. जाणते सुतार यावर एक युक्ती करतात: पात्यांपैकी एक पाते एखादा मिलिमीटर बाजूला सरकवून आवळायचे, म्हणजे सगळ्यांचे दाते एका रेषेत येत नाहीत आणि एकाने सोडलेली रेघ दुसरे पाते खाऊन टाकते. ही युक्ती एक-दोनदा चालते. मग पाती काढून धारेला द्यावीच लागतात.

पात्यांचे पोलाद आणि कार्बाइड यांचा इतिहास इथे कामाला येतो. जादा वेगातही धार टिकवणारे हाय स्पीड स्टील १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात जगाने पाहिले आणि लवकरच ते लाकडाच्या पात्यांपर्यंत पोचले. हत्यारांना चालेल असे टंगस्टन कार्बाइड १९२० च्या दशकात जर्मनीत तयार झाले. ते पोलादाहून कितीतरी कठीण, पण ठिसूळ आहे आणि नेहमीच्या दगडावर त्याला धार लागत नाही, हिऱ्याचे चाक लागते. फळीभर लांबीचे, वळसा दिलेले पाते करायचे तर ते घडवणे आणि पुन्हा धारेला लावणे हे दोन्ही जिकिरीचे. कार्बाइडचे सुमारे १४-१५ मिलिमीटरचे चौकोनी तुकडे करून ते स्क्रूने ब्लॉकवर बसवल्यावर दोन्ही अडचणी एकदम सुटल्या: तुकड्याला चार धारा असतात, एक गेली की चतकोर फिरवायचा, आणि चारही संपल्या की टाकून द्यायचा. धार लावणे हा प्रकारच संपला. खिळा लागला तरी दोन-तीन तुकडे फिरवले की काम पुढे चालू.

सरळ पात्यांच्या बाजूने बोलणारे इथे हिशेब मांडतात, आणि तो खोटा नाही. पात्यांचा सुटा सेट नागदेवीच्या हत्यारबाजारात सहज मिळतो, दोन सेट ठेवले तर एक मशीनवर आणि एक धारेवर अशी पाळी लावता येते, आणि हेलिकल ब्लॉकसाठी मोजलेल्या जादा पैशांत पुष्कळ वर्षांची धार निघते. पण या हिशेबात पाती पुन्हा बसवण्याचे कष्ट कोणी धरत नाही. सरळ लाकडी पट्टी मागच्या टेबलावर ठेवायची, ब्लॉक हाताने फिरवायचा, आणि पात्याने पट्टी किती पुढे ओढली हे पेन्सिलीच्या खुणेवर पाहायचे. प्रत्येक पात्याने दोन्ही टोकांना सारखीच, साधारण तीन मिलिमीटर, पट्टी ओढेपर्यंत स्क्रू सैल-घट्ट करत बसायचे. घाई केली तर त्याचे फळ लाकडावर दिसते. तीन पात्यांचा ७० मिलिमीटर व्यासाचा ब्लॉक मिनिटाला ५,००० फेरे घेत असेल आणि फळी मिनिटाला ६ मीटर सरकत असेल, तर दर ०.४ मिलिमीटरला एक काप पडतो आणि त्यातली लाट डोळ्याला दिसत नाही. एक पाते किंचित वर राहिले की शेवटचा काप तेवढेच घेते, अंतर १.२ मिलिमीटर होते आणि लाटेची खोली नऊपट होते. सफाईवरून होणाऱ्या भांडणातला मोठा भाग असा बसवणीचा असतो, आणि दोष मात्र सरळ पात्यांच्या माथी जातो. अमेरिकेच्या ६० हर्ट्झसाठी बांधलेली इंडक्शन मोटर आपल्या ५० हर्ट्झवर चालवणाऱ्यांचे फेरे एक षष्ठांशाने घटतात, त्यांना ही लाट आणखी लवकर दिसते.

सफाईत हेलिकल ब्लॉकचा खरा फायदा उलट्या रेषेच्या लाकडात आहे. तुकडा लाकडाला तिरका भिडतो, त्यामुळे गाठीभोवती किंवा रेषा पालटते तिथे लाकूड उपटले जाण्याचे प्रमाण कमी होते. याउलट तुकड्याखाली भुशाचा कण किंवा डिंक राहिला तर तो तुकडा वर उचलला जातो आणि फळीवर पन्हळ पडते, म्हणून प्रत्येक बैठक ब्रशने साफ करून स्क्रू सारख्याच ताकदीने आवळणे भाग असते.

मुंबईपुरते बोलायचे तर पारडे खरे झुकते ते आवाजाने. सरळ पाते सगळ्या रुंदीवर एकदम आपटते आणि टेबलाच्या ओठाजवळची हवा कापते. वरच्या हिशेबाने सेकंदाला २५० वेळा. त्या सुराचा भोंगा भिंतीपलीकडे स्पष्ट ऐकू जातो. वळसेदार ब्लॉकमध्ये तुकडे एकामागून एक लाकडाला भिडतात आणि हा भोंगा मोडतो. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० नंतर ४५ डेसिबल आहे. कोणतेही रंधा मशीन बाल्कनीत चालवून ती पाळणे कठीण, पण सोसायटीच्या सेक्रेटरीचा फोन दहा मिनिटांनी येतो की तासाभराने, हा फरक ब्लॉक ठरवतो. गोरेगाव-वसईकडे गाळा घेतलेल्यांना ही अडचण नाही, आणि सरळ पात्यांचे खंदे समर्थक बहुतेक तिथलेच आहेत.

जागेचा प्रश्न त्या मानाने सरळ आहे. दोन वेगळी यंत्रे ठेवायला जागा नाही म्हणून युरोपात रुळलेले जोडमशीन इथे सोयीचे पडते. टेबले उचलून थिकनेसर मांडायला थोडा वेळ जातो, तेव्हा आधी सगळ्या फळ्यांची एक बाजू सरफेस करून मगच मशीन पालटावे. अमेरिकी पुस्तिकांत जॉइंटर म्हणतात तो आपला सरफेस, एवढे खरेदीच्या वेळी लक्षात ठेवावे. टेबल ओतीव लोखंडाचे असेल तर पावसाळ्यात त्याला मेण चोळणे चुकत नाही.

अलीकडे स्वस्त मशीनवरही 'हेलिकल' ही अक्षरे छापलेली दिसतात. त्यातल्या काहींत तुकडे वळशात बसवलेले असतात, पण प्रत्येकाची धार ब्लॉकच्या अक्षाला समांतरच असते. अशा ब्लॉकने आवाज घटतो आणि धारेची कटकट मिटते, तिरका काप मात्र मिळत नाही. दुकानात वीज बंद करून ब्लॉकवर वरून पाहिले की हे कळते: तुकड्याची धार टेबलाच्या ओठाशी समांतर असेल तर तो सरळच कापणार, किंचित तिरकी असेल तरच जादा पैशांचा सौदा करावा. शिवाय तुकड्यांचा ब्लॉक मोटरकडून जास्त ताकद मागतो, असा सर्वसाधारण अनुभव आहे. तेव्हा घरच्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर चालणाऱ्या दोन हॉर्सपॉवरच्या मशीनवर रुंद सागवानी फळी असेल तर एका वेळी अर्धा मिलिमीटरच काढावा.