किरणोत्सर्गी स्रोतांबाबत नियामक मार्गदर्शन (ग्रामीण विदर्भ)

किरणोत्सर्गी स्रोत, म्हणजे आपोआप किरण सोडणारा पदार्थ, विकत घेणे, वापरणे, हलवणे किंवा मोडीत काढणे, यांपैकी काहीही करण्याआधी नियामकाला विचारून लेखी संमती घेण्याची पद्धत. भारतात हा नियामक म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळ, बोलण्यातले ‘एईआरबी’. १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याखाली १५ नोव्हेंबर १९८३ रोजी त्याची स्थापना झाली. मुख्यालय मुंबईत अणुशक्तीनगरला आहे. अणुऊर्जा (विकिरण संरक्षण) नियम, २००४ हा या कामाचा मुख्य आधार.

किरणोत्सर्गी म्हटले की विदर्भात नागपूरची कॅन्सर रुग्णालये आठवतात. पण सिमेंट, कोळसा, औष्णिक वीज आणि कागद हे न्यूक्लिऑनिक गेज, म्हणजे किरणांच्या मदतीने मोजमाप करणारे उपकरण, वापरणारे नेहमीचे उद्योग, आणि चंद्रपूर-वणी पट्टा याच उद्योगांवर उभा आहे. कोळशाच्या बंकरच्या, म्हणजे साठवण कोठाराच्या, एका अंगाला शिसे भरलेली जड पेटी बसवलेली असते. तिच्या आत सिझियम-१३७ किंवा कोबाल्ट-६० ची लहानशी सीलबंद कुपी. समोरच्या अंगाला किरण टिपणारा डिटेक्टर. मध्ये कोळसा आला की किरण अडतात आणि पातळी कळते. पेटीवर शटरची मूठ असते. बंकरमध्ये माणूस उतरण्याआधी ती ‘बंद’वर आणून कुलूप लावायचे आणि किरण मोजणाऱ्या सर्व्हे मीटरने खात्री करून घ्यायची, हा नियम. साफसफाईला उतरणारा माणूस बहुधा ठेकेदाराचा, जवळच्याच गावचा. पिवळ्या पाटीवरच्या तीन पात्यांच्या चिन्हाचा अर्थ त्याला कोणी सांगितलेला असेलच असे नाही.

अर्ज ‘ई-लोरा’ या ऑनलाइन प्रणालीवर होतो. आधी संस्थेची नोंदणी, मग मंडळाने मान्य केलेला विकिरण सुरक्षा अधिकारी, म्हणजे आरएसओ, मग खरेदीची परवानगी आणि शेवटी वापराचा परवाना. स्रोत दारात आल्यावर परवान्याच्या मागे लागणे हा उलटा कारभार झाला. कर्मचाऱ्यांनी छातीशी टीएलडी बिल्ला लावायचा, अंगावर किती किरण पडले ते तो नोंदवतो. त्यांच्यासाठी मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्ट (शरीराला मिळालेल्या किरणांच्या मात्रेचे एकक), कोणत्याही एका वर्षात ३० पेक्षा जास्त नाही. सर्वसामान्य माणसासाठी ती वर्षाला १ मिलिसीव्हर्ट.

विचारणा नेमकी असली तर उत्तरही नेमके मिळते. ‘आमच्याकडे एक जुनी पेटी आहे, काय करू?’ एवढ्यावर कोणी काय सांगणार? समस्थानिक (सिझियम-१३७ सारखा किरणोत्सर्गी पदार्थ) कोणते, क्रियाशीलता (किरण सोडण्याचा जोर) किती आणि कोणत्या तारखेची, पेटीचा अनुक्रमांक, शटर चालते की अडकले, मीटरवर किती अंतरावर किती वाचन मिळाले, एवढे लिहावे. तारखेला महत्त्व आहे. कोबाल्ट-६० साधारण ५.३ वर्षांत निम्मा होतो, सिझियम-१३७ ला ३० वर्षे लागतात आणि वेल्डिंगच्या सांध्यांचे फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यातला इरिडियम-१९२ अवघ्या ७४ दिवसांत निम्म्यावर येतो.

सगळ्यात कच्चा दुवा शेवटचा. कारखाना चालू असतो तेव्हा आरएसओ असतो, नोंदवही असते. तो बंद पडून लिलाव निघाला की पेटीचे वजन तेवढे दिसते, कारण शिशाला भंगारात भाव आहे. २०१० मध्ये दिल्ली विद्यापीठातले जुने कोबाल्ट-६० चे उपकरण लिलावातून मायापुरीच्या भंगारबाजारात पोचले आणि एका माणसाचा जीव गेला. म्हणून वापरातून गेलेला स्रोत मंडळाच्या संमतीने मूळ पुरवठादाराकडे परत किंवा मान्यताप्राप्त विल्हेवाट केंद्राकडे धाडावा लागतो, ठरलेल्या पॅकिंगमध्ये. आपल्याच गोदामात पुरणे हा पर्याय नाही. स्रोत हरवला वा चोरीला गेला तर मंडळाला आणि पोलिसांना तत्काळ कळवायचे. गावात कोणाला अशी पेटी सापडली तर तिला हात लावू नये, लोकांना दूर ठेवावे आणि ११२ वर फोन करावा.

तालुक्याच्या ठिकाणी नियामकाशी सर्वाधिक संबंध येतो तो एक्स-रे चालवणाऱ्यांचा. त्यांनाही ई-लोरावरूनच परवाना लागतो, मात्र त्या यंत्रात किरणोत्सर्गी पदार्थ नसतो. वीज बंद तर किरण बंद. नागपुरात परमाणु खनिज संचालनालयाचे प्रादेशिक कार्यालय आहे, पण त्याचे काम खनिजांचा शोध. परवाने तिथे मिळत नाहीत. मोबाइल टॉवरची तक्रारही या मंडळाकडे नेऊन उपयोग नाही, तो विषय दूरसंचार विभागाचा. शेतकऱ्यांची शंका वेगळीच असते: भाभा अणुसंशोधन केंद्राने विकिरणाच्या साहाय्याने घडवलेले ‘टीएयू-१’ उडदाचे बियाणे पेरले तर परवानगी लागते का? लागत नाही. किरण दिले होते ते वाण घडवताना, प्रयोगशाळेत. बियाणे किरणोत्सर्गी होत नाही, आणि परवाना हवा तो किरण देणाऱ्या यंत्राला.