भाजलेल्या सैनिकाचे पहिले काही तास : अमेरिकी संशोधन निधीसाठी कोल्हापुरातून अर्ज करताना

गुऱ्हाळात काहील उतरवताना उकळता रस अंगावर आला की काय होतं, हे आपल्याकडच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. पाणी ओघळून जातं, पाक कातडीला चिकटून बसतो आणि भाजत राहतो. रुग्ण दवाखान्यात येतो तेव्हा त्यावर कुणी हळद थापलेली असते, कुणी टूथपेस्ट. चंदगडच्या टोकाकडून कोल्हापूर गाठायचं तर तीन तास सहज जातात. अमेरिकी लष्कराला पडलेला प्रश्न याच तासांचा आहे : जखमी सैनिकाला मोठ्या दवाखान्यात हलवता येत नाही तोवर जागेवर करायचं काय? त्यामुळे 'हा निधी आपल्यासाठी नाही' असं इथल्या डॉक्टरांनी आधीच ठरवून टाकू नये.

योजनेचं नाव मिलिटरी बर्न रिसर्च प्रोग्राम. अमेरिकी संरक्षण खात्याच्या सीडीएमआरपी या वैद्यकीय संशोधनाला निधी देणाऱ्या विभागाकडून ती चालते. कार्यालय मेरीलँडमधल्या फोर्ट डेट्रिकला. पैसा अमेरिकी संसद वर्षाच्या वर्षाला मंजूर करते. म्हणून रक्कम, विषय, पानांची मर्यादा, तारखा हे सगळं दरवर्षी बदलतं. मागच्या वर्षीची पीडीएफ कुणी व्हॉट्सॲपवर पाठवली तर ती वाचा जरूर, पण तिच्यावर अर्ज भरू नका.

निधी संस्थेला मिळतो, डॉक्टरला व्यक्तिशः नाही. संस्था परदेशी असली तरी चालते. रुग्ण सैनिकच हवेत असंही नाही, मात्र निष्कर्ष सैनिकाच्या कामाचा कसा, हे पटवून द्यावं लागतं. आपले बहुतेक प्रस्ताव इथेच लंगडे पडतात. सैनिक टाकळीचं नाव किंवा टेंबलाईवाडीची टीए (प्रादेशिक सेना) बटालियन लिहून लष्करी उपयुक्तता सिद्ध होत नाही. प्रश्नच तसा असावा लागतो. उदाहरणार्थ सलाईन घ्या. 70 किलोचा माणूस 40 टक्के भाजलाय. पार्कलंड सूत्राने (वजन गुणिले भाजलेले टक्के गुणिले 4 मिली) 24 तासांचे 11,200 मिली होतात, त्यातले निम्मे पहिल्या 8 तासांत, म्हणजे ताशी 700. अमेरिकी लष्कराच्याच शल्यसंशोधन संस्थेने दिलेला 'दहाचा नियम' 40 ते 80 किलोच्या प्रौढाला टक्के गुणिले दहा सांगतो, म्हणजे ताशी 400 ने सुरुवात. पुढे दोन्हींत लघवीचं प्रमाण बघून धार कमी-जास्त करायची. कमी पडलं तर किडनी जाते, जास्त झालं तर अंग फुगतं, श्वास अडकतो. तालुक्याच्या दवाखान्यात एका नर्सने, यंत्राविना, हे कसं सांभाळायचं? शिरोलीच्या फाउंड्रीतला भाजलेला कामगार आणि चौकीवरचा जवान इथे एकाच रांगेत येतात. असा प्रश्न घेऊन गेलात तर परीक्षक थांबून वाचतो.

आता कागदपत्रं. खरा वेळ इथे जातो, आणि विज्ञान लिहून झाल्यावर हे सुरू करणारा माणूस हमखास चुकतो. क्रम पाळा. परदेशी संस्थेने आधी एनकेज कोड, म्हणजे नाटोच्या पद्धतीतला संस्थेचा ओळख कोड, घ्यायचा, मग सॅम डॉट गव्ह या अमेरिकी सरकारी नोंदणी-संकेतस्थळावर नोंदणी. तिथे 12 अक्षरी यूईआय, म्हणजे संस्थेचा अमेरिकी ओळख क्रमांक, मिळतो. पुढे ग्रँट्स डॉट गव्ह या सरकारी निधी-अर्जांच्या संकेतस्थळावर संस्थेचा अधिकृत प्रतिनिधी नोंदवायचा आणि सीडीएमआरपीच्या ईब्रॅप पोर्टलवर मुख्य संशोधकाचं खातं उघडायचं. सॅमची नोंदणी दरवर्षी नव्याने करावी लागते. सहा महिने हाताशी ठेवा.

नाव आणि पत्ता सगळीकडे अक्षरशः सारखा हवा. मी ज्या प्रस्तावाची कागदं बघत होतो, त्यात पॅनवर 'राजारामपुरी 5वी गल्ली' होतं, लाइटबिलावर नुसतं 'राजारामपुरी', आणि ट्रस्टच्या दाखल्यावर 'पाचवी लेन'. पोस्टमनला तिन्ही कळतात. पलीकडच्या तपासनिसाला तीन संस्था दिसल्या. पाच आठवडे गेले.

अर्ज दोन टप्प्यांत. ईब्रॅपवर आधी पूर्वअर्ज. तो चुकला तर पुढचं दार बंद. पूर्ण अर्जात मुख्य आराखडा, अंदाजपत्रक, कामाचं वेळापत्रक, संशोधकांचे परिचय, संस्थेची पाठिंबापत्रं आणि दोन सारांश : एक तांत्रिक, एक साध्या भाषेतला. साधा सारांश शेवटच्या रात्री उरकू नका. परीक्षक मंडळात स्वतः भाजण्यातून वाचलेली माणसंही बसतात, आणि त्यांचं मत शास्त्रज्ञाइतकंच मोजलं जातं. आराखडा पानांच्या मर्यादेबाहेर गेला तर अर्ज न तपासताच बाद. मुदत अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या घड्याळाने असते. तिथले रात्रीचे 11:59 म्हणजे उन्हाळ्यात आपले दुसऱ्या दिवशी सकाळचे 9:29, हिवाळ्यात 10:29. भरल्यानंतर ईब्रॅपवर पडताळणीला काही दिवस मिळतात, पण मुदत टळल्यावर आराखडा आणि अंदाजपत्रक बदलता येत नाही.

आपल्याकडची बाजूही तितकीच जड. ट्रस्टच्या संस्थेला परदेशी पैशासाठी एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी नियमन कायद्याखालची, नोंदणी हवी. त्यासाठी संस्था किमान तीन वर्षं चालू आणि त्या काळात मूळ कामावर 15 लाख रुपये खर्च झालेले हवेत. नसेल तर या एका निधीपुरती पूर्वपरवानगी मागता येते. पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच येतो, आणि प्रशासकीय खर्च 20 टक्क्यांच्या आत ठेवायचा. शिवाय आयसीएमआर या केंद्रीय वैद्यकीय संशोधन परिषदेमार्फत आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी, नोंदणीकृत नैतिकता समितीची मान्यता आणि पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआय या वैद्यकीय चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंद.

निधी मंजूर झाला तरी अमेरिकी लष्कराचं मानवी संशोधन कार्यालय स्वतंत्र तपासणी करतं, त्याला दोन-तीन महिने धरा. संमतीपत्राकडे त्यांचं बारीक लक्ष असतं. अमेरिकी संहितेच्या शीर्षक 10 मधलं कलम 980 सांगतं की संरक्षण खात्याच्या पैशातून होणाऱ्या प्रयोगात रुग्णाची संमती आधीच हवी. नातेवाईक त्याच्या वतीने सही करू शकतात ते संशोधनाचा त्या रुग्णालाच फायदा व्हावा असा हेतू असेल तेव्हाच. भाजलेला माणूस मॉर्फिनवर किंवा व्हेंटिलेटरवर असतो, त्यामुळे नुसतं रक्ताचे नमुने गोळा करणारे अभ्यास इथे अडकतात. हे आराखडा लिहितानाच सोडवा.

माझं मत विचाराल तर पहिल्या खेपेला मुख्य अर्जदार होऊच नका. एखाद्या अमेरिकी विद्यापीठाचं सहकेंद्र व्हा. सहकेंद्राला यूईआय पुरतो, सॅमची पूर्ण नोंदणी लागत नाही. एफसीआरए मात्र तेव्हाही सुटत नाही. आणि या आठवड्यात एवढं करा : पॅन, ट्रस्टचा दाखला, लाइटबिल आणि बँकेचं पासबुक एका टेबलावर मांडून पत्ता अक्षर न् अक्षर ताडून बघा.