आंतरराष्ट्रीय संबंधांचा अभ्यास : पुण्याची जुनी वाट

आंतरराष्ट्रीय संबंधांत एमए करायचं म्हटलं की पुण्यात पहिला सल्ला मिळतो तो ‘दिल्ली गाठ’ असा. सल्ला चुकीचा नाही. पण दिल्लीत या विषयाचं शिक्षण ज्यांच्या पुढाकाराने उभं राहिलं, ते पुण्यातल्याच एका संस्थेचे अध्यक्ष होते, हे इथल्या किती विद्यार्थ्यांना ठाऊक असतं? हा धागा आपल्या हातून सुटला, याची मला मनापासून खंत वाटते.

विद्यापीठीय विषय म्हणून याचा जन्म १९१९चा मानतात. पहिल्या महायुद्धाच्या संहारानंतर वेल्समधल्या ॲबरिस्टविथ इथे डेव्हिड डेव्हिस आणि त्यांच्या बहिणींच्या देणगीतून या विषयाचं पहिलं अध्यासन (खास प्राध्यापकपद) निघालं, त्याला अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांचं नाव दिलं. त्याच वर्षी लोकमान्य टिळक लंडनमध्ये होते. पॅरिसच्या शांतता परिषदेसाठी काँग्रेसने त्यांची निवड केली होती. पण सरकारने पासपोर्ट नाकारला. भारताच्या नावाने तिथे बसले ते बिकानेरचे महाराजा गंगासिंह आणि लॉर्ड सिन्हा. टिळकांनी मग परिषदेचे अध्यक्ष क्लेमान्सो यांना पत्र लिहिलं. त्यात नुसती स्वराज्याची मागणी नव्हती. भारताचा विस्तार, साधनसंपत्ती आणि लोकसंख्या पाहता तो आशियातली अग्रगण्य सत्ता होऊ शकतो आणि पूर्वेकडे शांतता राखण्यात राष्ट्रसंघाचा (लीग ऑफ नेशन्सचा) मोठा आधार ठरू शकतो, अशी मांडणी होती. आज वर्गात सत्तासंतुलन आणि सामूहिक सुरक्षा शिकवताना हे पत्र पुढ्यात ठेवायला हवं.

टिळकांचे प्रतिपक्षी गोखले याच विषयाकडे दुसऱ्या वाटेने आले. परदेशी गेलेला हिंदी मजूर हा त्यांचा प्रश्न होता. १९१०मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळला गिरमिटिया, म्हणजे कराराने बांधलेले, मजूर पाठवणं थांबवावं, असा ठराव त्यांनी केंद्रीय कायदेमंडळात मांडला. १९१२मध्ये ते स्वतः दक्षिण आफ्रिकेला जाऊन आले. त्यांनी १९०५ साली पुण्यात काढलेल्या भारत सेवक समाजाने ही कळकळ पुढे चालवली. गोखल्यांनंतर समाजाचे अध्यक्ष झालेले श्रीनिवास शास्त्री १९२१मध्ये जिनिव्हाला राष्ट्रसंघात आणि तिथून वॉशिंग्टनच्या नौदल परिषदेत भारताचे प्रतिनिधी होते. १९२७पासून दोन वर्षं ते दक्षिण आफ्रिकेत भारत सरकारचे प्रतिनिधी (एजंट) होते. डर्बनमध्ये हिंदी मुलांसाठी निघालेल्या शाळेला आजही त्यांचं नाव आहे. स्वतंत्र परराष्ट्र खातं नसताना ही माणसं प्रत्यक्ष वाटाघाटी करत होती.

१९३६पासून समाजाची धुरा हृदयनाथ कुंझरू यांच्याकडे आली आणि अखेरपर्यंत राहिली. १९४३मध्ये दिल्लीत ‘इंडियन कौन्सिल ऑफ वर्ल्ड अफेअर्स’ स्थापन करणाऱ्यांत ते होते. या कौन्सिलच्याच छत्राखाली १९५५मध्ये सप्रू हाउसमध्ये ‘इंडियन स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज’ सुरू झालं, १९७०मध्ये ते जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विलीन झालं. आपली मुलं जिथे प्रवेशासाठी धडपडतात, ती ही संस्था.

पुण्यात मात्र विषयाला बराच काळ स्वतःचं घर मिळालं नाही. १९३०ची गोखले संस्था नावात राज्यशास्त्र असूनही धनंजयराव गाडगिळांच्या नेतृत्वाखाली अर्थशास्त्रासाठी नावाजली. १९४९मध्ये स्थापन झालेल्या पुणे विद्यापीठात आंतरराष्ट्रीय राजकारण हा राज्यशास्त्राच्या एमएतला एक भाग राहिला.

राज्यशास्त्रानंतर या विषयाचं दुसरं दार लष्कराने उघडलं. लष्कराचं दक्षिण मुख्यालय इथलंच, खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीही १९५५पासून जवळच. त्यामुळे विद्यापीठाच्या संरक्षण व सामरिकशास्त्र विभागाला इथे जे पोषक वातावरण मिळालं, ते फार थोड्या शहरांत मिळालं असतं. चीन युद्धाच्या धामधुमीत संरक्षणमंत्री झालेले आणि पुढे १९७४ ते ७७ परराष्ट्र खातं सांभाळलेले यशवंतराव चव्हाण यांच्या नावाने विद्यापीठाने सुरक्षा आणि संरक्षणाच्या अभ्यासाचं केंद्रही काढलं. पण या दाराने आलेल्या अभ्यासात सीमा, शस्त्रं आणि शेजारी यांना जागा जास्त. गोखले-शास्त्रींचा परदेशातला मजूर तिथून बाहेर पडला.

तिसरं दार यूपीएससीचं. २०१३पासून मुख्य परीक्षेच्या सामान्य अध्ययनाच्या दुसऱ्या पेपराच्या शीर्षकातच आंतरराष्ट्रीय संबंध आले, राज्यशास्त्राच्या वैकल्पिक विषयात ते होतेच. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमधून हा विषय गावोगावच्या मुलामुलींपर्यंत पोचला, ही फार मोठी गोष्ट आहे. पण नोट्सवर वाचलेला विषय क्वाड, ब्रिक्स यांसारखे देशांचे गट आणि कालची शिखर परिषद यांपाशी थांबतो. एमएला आल्यावर सिद्धान्त नव्याने वाचावे लागतात आणि उत्तरपत्रिका मराठीत लिहिणाऱ्याला त्यासाठी मराठीत चांगली पुस्तकं फार थोडी मिळतात.

लघुप्रबंधाचा विषय शोधणाऱ्यांना माझं एक आग्रहाचं सांगणं आहे. भारत सेवक समाज पुण्याहून १९१८पासून ‘सर्व्हंट ऑफ इंडिया’ हे इंग्रजी साप्ताहिक काढत असे. त्याचे जुने अंक गोखले संस्थेच्या ग्रंथालयाने इंटरनेटवर खुले केले आहेत. केनियातल्या उंचावरच्या सुपीक जमिनी तिथल्या हिंदी रहिवाशांना डावलून गोऱ्यांसाठीच राखायचं धोरण ब्रिटिश सरकारने १९२३मध्ये कायम केलं; त्या वर्षीचे अंक आधी उघडावेत.