निगेटिव्ह निकाल खरा कशावरून?

रवांडात २०१६ पासून ड्रोनने रक्ताच्या पिशव्या पोचवल्या जातात. डोंगराळ मुलूख, पावसात बंद पडणारे रस्ते आणि प्रसूतीनंतर रक्तस्राव न थांबणारी एखादी बाई. अशा वेळी छोट्या पॅराशूटला बांधलेला खोका रुग्णालयाच्या आवारात उतरतो, ही सोय खरोखरच मोलाची आहे. पण अशा बातम्यांतून एक चुकीचा समज घट्ट होतो. विकसनशील देशांत रक्ताची अडचण म्हणजे वाहतुकीची अडचण किंवा यंत्रांची अडचण, असे वाटू लागते. ड्रोन पिशवी पोचवतो. पिशवीवर लिहिलेला रक्तगट बरोबर आहे का आणि 'एचआयव्ही निगेटिव्ह' हा शेरा खरा आहे का, हे त्याआधीच रक्तपेढीच्या टेबलावर, बोटाएवढ्या काचनळीत ठरलेले असते. ते काम कच्चे राहिले, तर वेगवान वाहतूक चुकीचे रक्तही तितक्याच वेगाने पोचवेल.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार जगात वर्षाला सुमारे ११ कोटी ८५ लाख वेळा रक्तदान होते. त्यातले ४० टक्के श्रीमंत देशांत होते आणि तिथे जगाची जेमतेम १६ टक्के लोकसंख्या राहते. श्रीमंत देशांत रक्त मुख्यतः साठीपुढच्या रुग्णांना लागते. सर्वांत गरीब देशांत मात्र निम्म्याच्या आसपास रक्त पाच वर्षांखालच्या मुलांना चढवले जाते, आणि त्यातली बरीच मुले मलेरियामुळे आलेल्या तीव्र रक्तक्षयाने अत्यवस्थ झालेली असतात. अशा मुलाकडे उद्यापर्यंत थांबण्याइतका वेळ नसतो. घाई असते, रात्र असते, तंत्रज्ञ एकटा असतो. प्रयोगशाळेची खरी परीक्षा तेव्हाच होते.

आता त्या काचनळीकडे वळू. रक्तगट शाळेत शिकलेले असतात. 'ए' गटाच्या माणसाच्या सिरममध्ये, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणाऱ्या पिवळसर द्रवात, 'बी'विरोधी प्रतिपिंडे (परक्या पेशींना चिकटणारी प्रथिने) असतात, 'बी' गटात 'ए'विरोधी, 'ओ' गटात दोन्ही. न जुळणाऱ्या पेशी आणि सिरम एकत्र आले की पेशींचे पुंजके होतात, ते नुसत्या डोळ्यांनी दिसतात. कार्ल लँडस्टायनरने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हेच पाहिले. हे पुंजके इतक्या सहज होतात, याचे कारण त्या प्रतिपिंडांच्या आकारात आहे. तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर सायलिक आम्लामुळे ऋण विद्युतभार असतो, म्हणून पेशी एकमेकींना दूर लोटतात आणि सलाईनमध्ये त्यांच्यात साधारण २५ नॅनोमीटरचे अंतर राहते. ए-बी-ओ गटांची प्रतिपिंडे मुख्यतः आयजीएम जातीची असतात. पाच तुकड्यांनी बनलेला हा मोठा रेणू सुमारे ३५ नॅनोमीटर पसरतो, त्यामुळे एक हात या पेशीला आणि दुसरा त्या पेशीला सहज पोचतो. पूल बांधला गेला की पुंजका झाला.

पण रक्तगट एवढ्यावर संपत नाहीत. आर-एच, केल, डफी, किड असे आणखी गट आहेत. आधीच्या गरोदरपणात किंवा आधी चढवलेल्या रक्तामुळे शरीर त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. ही बहुधा आयजीजी जातीची असतात. आयजीजी लहान, सुमारे १४ नॅनोमीटरचे. ते पेशीला जाऊन चिकटते, पण शेजारच्या पेशीपर्यंत त्याचा हात पुरत नाही. नळीत पुंजके दिसत नाहीत, निकाल 'जुळते' असा येतो, आणि तेच रक्त चढवल्यावर रुग्णाच्या शरीरात त्या पेशी नष्ट होऊ लागतात. कधी ताप-थंडी, कधी कावीळ, कधी मूत्रपिंड निकामी. वारंवार रक्त लागणाऱ्या सिकलसेल आणि थॅलेसेमियाच्या रुग्णांना हा धोका सर्वांत जास्त असतो.

यावरचा उपाय १९४५ मध्ये कूम्ब्ज, मूरंट आणि रेस या तिघांनी दिला. मानवी ग्लोब्युलिन (रक्तातली प्रथिने, प्रतिपिंडे त्यातच येतात) सशाला टोचले की सशाच्या रक्तात त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. म्हणजे प्रतिपिंडाविरुद्धचे प्रतिपिंड. हे कूम्ब्ज सिरम नळीत टाकले की पेशींवर चिकटून बसलेल्या आयजीजींना ते बाहेरून पकडते, दोन पेशींमधले अंतर भरून काढते आणि लपलेला पुंजका दिसू लागतो. रक्तपेढीशास्त्रात इतकी सुंदर युक्ती दुसरी नाही.

क्रॉसमॅचमध्ये, म्हणजे दात्याचे रक्त रुग्णाला जुळते का हे पाहण्याच्या चाचणीत, ती अशी वापरतात. रुग्णाच्या सिरमचे २ थेंब नळीत घ्यायचे. त्यात दात्याच्या, सलाईनमध्ये ३ ते ५ टक्के प्रमाणात कालवलेल्या पेशींचा १ थेंब टाकायचा. ३७ अंश सेल्सियसला ३० ते ६० मिनिटे ठेवायचे. मग पेशी सलाईनने निदान तीनदा धुवायच्या. त्यानंतर कूम्ब्ज सिरमचे २ थेंब, सेंट्रीफ्यूजमध्ये (नळ्या गरगर फिरवणाऱ्या यंत्रात) एक छोटा फेरा, आणि तळाशी बसलेली तांबडी टिकली हलकेच हलवून उजेडात पाहायची. टिकली धुरासारखी विरघळली तर निगेटिव्ह. तुकडे होऊन सुटली तर पॉझिटिव्ह, म्हणजे ती पिशवी त्या रुग्णासाठी नाही.

सगळे काही धुण्यावर अवलंबून आहे. सिरममध्ये लिटरमागे सुमारे १० ग्रॅम आयजीजी मोकळे तरंगत असते. ते नीट धुतले गेले नाही तर कूम्ब्ज सिरम या मोकळ्या आयजीजीला पकडण्यातच खर्ची पडते आणि पेशींसाठी काही उरत नाही. एक साधा हिशेब करून पाहा. नळीत ०.१ मिलिलिटर द्रव मागे ठेवून एकूण ४ मिलिलिटर होईपर्यंत सलाईन भरले, तर दर धुण्याला ४० पट पातळपणा येतो आणि तीन धुण्यांत ६४,००० पट. पण घाईत नळी अर्धवट ओतली आणि दर वेळी ०.४ मिलिलिटर मागे राहिले, तर तीन धुण्यांनंतरही तो फक्त १,००० पट असतो. नळ्या त्याच, सलाईन तेच, धुणीही तीनच, आणि फरक ६४ पटींचा. म्हणून नळी एका झटक्यात पूर्ण उलटी करायची आणि तोंडाशी अडकलेला शेवटचा थेंब टिपून घ्यायचा. सलाईन जोराने सोडायचे, म्हणजे तळाची टिकली फुटून प्रत्येक पेशी धुतली जाते. नळीच्या तोंडावर बोट ठेवून हलवायची सवय तर मोडलीच पाहिजे, कारण बोटावरची प्रथिनेसुद्धा कूम्ब्ज सिरम मारायला पुरेशी असतात.

धुणे चुकले तर दिसते काय? काहीच नाही. स्वच्छ, गुळगुळीत, निगेटिव्ह नळी. खरा निगेटिव्ह आणि फसलेली चाचणी हुबेहूब सारखी दिसते. यासाठी चेक सेल असतात. 'ओ' गटाच्या पेशींवर आधीच आयजीजी चढवून ठेवायचे आणि निगेटिव्ह आलेल्या प्रत्येक नळीत त्यांचा एक थेंब टाकून पुन्हा फिरवायचे. कूम्ब्ज सिरम जिवंत असेल तर आता पुंजके दिसलेच पाहिजेत. दिसले नाहीत तर ती चाचणी झालीच नाही असे समजून पहिल्यापासून सुरुवात करायची. हे चेक सेल विकत घ्यावे लागतात असेही नाही. तीन-चार दात्यांच्या 'ओ पॉझिटिव्ह' पेशी एकत्र धुऊन, त्यात पातळ केलेले अँटी-डी (आर-एच गटातल्या 'डी'विरुद्धचे प्रतिपिंड) घालून, ३७ अंशांना अर्धा तास ठेवून पुन्हा धुतल्या की ते तयार होतात. मात्र ते अँटी-डी आयजीजी जातीचे हवे. आजकालची बरीच अँटी-डी अभिकारके (चाचणीसाठी मिळणारी तयार द्रावणे) आयजीएम असतात. ती वापरली तर पेशी तिथेच पुंजके करून बसतात आणि दिवस वाया जातो.

चेक सेललाही एक गोष्ट कळत नाही. रुग्णाचे सिरम टाकायचेच राहून गेले असेल तरी कूम्ब्ज सिरम जिवंतच राहते, चेक सेल पुंजके करतात आणि चाचणी 'वैध' ठरते. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी सिरम, मग सगळ्या नळ्या उजेडात धरून प्रत्येकीत द्रव आहे ना हे पाहायचे आणि मगच पेशी.

हेच एचआयव्ही आणि काविळीच्या रॅपिड किटबाबत घडते. पट्टीवर कंट्रोलची रेघ उमटली म्हणजे चाचणी बरोबर झाली, असे सरसकट धरले जाते. अनेक किटमध्ये ती रेघ फक्त द्रव पट्टीवरून वाहत गेला एवढेच सांगते. नमुना पडला की नुसताच बफर, म्हणजे किटसोबतचा द्रव, हे तिला समजत नाही. म्हणून किटची नवी खेप उघडताना, आणि नंतरही ठरावीक अंतराने, ज्याचा निकाल ठाऊक आहे असा कमजोर पॉझिटिव्ह नमुना चालवून पाहावा लागतो. जोरदार पॉझिटिव्ह नमुना या कामाचा नाही, तो अर्ध्या मेलेल्या किटवरही रेघ उमटवतो. शिवाय घड्याळ लावूनच वाचायचे. लवकर वाचले तर फिकट रेघ सुटते, उशिरा वाचले तर वाळताना खोटी रेघ उमटू शकते.

एका अडचणीवर मात्र टेबलावर उत्तर नाही. संसर्ग झाल्यापासून तो चाचणीत दिसेपर्यंतचा विंडो पिरियड, एचआयव्हीच्या प्रतिपिंड चाचणीत साधारण तीन आठवडे. विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी नॅट चाचणी तो कमी करते, शून्य करत नाही. म्हणून दाता कोण आहे हे महत्त्वाचे ठरते. रुग्णाच्या बदल्यात रक्त द्यायला आणलेला नातेवाईक दडपणाखाली असतो आणि विचारलेल्या प्रश्नांची खरी उत्तरे टाळतो. नियमित स्वेच्छा दाता मागच्या प्रत्येक वेळी तपासला गेलेला असतो. झिंबाब्वेत सुरू झालेली 'प्लेज २५' योजना याच विचारावर उभी आहे. शाळेच्या वयातली मुले आयुष्यात २५ वेळा रक्त देण्याचा शब्द देतात आणि तो पाळायचा म्हणून जपून राहतात.

इथे रक्तदानाने कायमचा अशक्तपणा येतो या समजुतीबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. पाणी आणि प्रथिने एक-दोन दिवसांत भरून येतात. भरायला वेळ लागतो तो लोहाला: ४५० मिलिलिटर रक्ताबरोबर सुमारे २०० ते २५० मिलिग्रॅम लोह जाते आणि ते परत यायला काही महिने लागतात. म्हणून दोन दानांमध्ये अंतर ठेवतात आणि हिमोग्लोबिन आधी तपासतात. उलट बाजूची अंधश्रद्धाही तितकीच घातक आहे. 'ताकद येण्यासाठी' एक पिशवी चढवणे हा उपचार नव्हे. प्रौढ माणसात एका पिशवीने हिमोग्लोबिन जेमतेम १ ग्रॅम वाढते, धोका मात्र पूर्ण पत्करावा लागतो.

साठवणुकीचा नियम सोपा आहे, पाळणे कठीण. तांबड्या पेशी २ ते ६ अंशांत, सीपीडीए-१ या रक्त गोठू न देणाऱ्या द्रवात ३५ दिवस. प्लेटलेट २० ते २४ अंशांत, सतत हलत्या. घरगुती फ्रिज इथे चालत नाही. त्यात बर्फाच्या कप्प्याजवळ पिशवी गोठते आणि दाराजवळ तापते. गोठलेल्या पेशी फुटतात, आणि त्या चढवणे जिवावर बेतते. फ्रिजमधला थर्मामीटर हवेत लटकवला तर तो दार उघडल्याचे तापमान दाखवतो, रक्ताचे नाही. म्हणून त्याचे टोक द्रवाच्या बाटलीत बुडवून ठेवतात. वीज गेल्यावर किती तास तापमान ६ अंशांच्या आत राहते, हे एकदा मुद्दाम वीज बंद करून मोजून दारावर लिहून ठेवणे, हे कोणत्याही नव्या यंत्राइतकेच कामाचे आहे.

यंत्रे नकोत असे मुळीच नाही. पण देणगीत आलेले विश्लेषक यंत्र एकाच कंपनीच्या अभिकारकावर चालते, त्याला स्थिर वीज आणि शुद्ध पाणी लागते, आणि सुटा भाग बदलणारा माणूस त्या देशात नसला तर पहिल्या बिघाडानंतर ते कपाट होऊन बसते. २००८ मध्ये मापुतो इथे आणि २००९ मध्ये किगाली इथे आफ्रिकी देशांनी वेगळी वाट धरली. प्रयोगशाळेला एकदम आयएसओ १५१८९ हे वैद्यकीय प्रयोगशाळांचे आंतरराष्ट्रीय मानक मागण्याऐवजी पायऱ्या ठरवल्या. तपासणी सूचीत ५५ टक्के गुण मिळाले तर एक तारा, ९५ टक्के मिळाले तर पाच. त्या सूचीत यंत्रांबरोबरच नोंदी, साठा, तक्रारी, तापमानाचे तक्ते, चूक झाल्यावर काय केले याचा कागद, हे सगळे येते. रोजच्या कंट्रोल नमुन्याचा, म्हणजे ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे अशा नमुन्याचा, आकडा आलेखावर मांडला की दोष आधीच बोलू लागतो. बिंदू सावकाश घसरत असतील तर अभिकारक जुने होत आहे किंवा यंत्रातला दिवा मंदावतो आहे. एका दिवसात उडी मारली असेल तर नवी खेप उघडली आहे किंवा कॅलिब्रेशन, म्हणजे यंत्राच्या मोजमापाची जुळणी, बिघडले आहे.

आणि तरीही न जुळणारे रक्त चढण्याचे सर्वांत ठळक कारण नळीत नसते. ते खाटेजवळ असते. नमुना एका रुग्णाचा आणि चिठ्ठी दुसऱ्याची. दोन नळ्या खिशात टाकून टेबलावर जाऊन नावे लिहिली की सगळी निर्दोष चाचणी चुकीच्या माणसाच्या रक्तावर होते. म्हणून नळीवरचे नाव रुग्णाशेजारी उभे राहून, त्याच्याकडून पूर्ण नाव वदवून घेऊन, रक्त काढल्याक्षणी लिहायचे. 'तुम्ही अमुकच ना?' असे विचारायचे नाही, कारण ग्लानीतला माणूस कशालाही हो म्हणतो. आणि रुग्णाचा गट पहिल्यांदाच तपासला जात असेल, तर शक्य तिथे दुसऱ्या वेळी, दुसऱ्या माणसाने काढलेला नमुना घेऊन तो पुन्हा तपासायचा. खर्च एका नळीचा आणि काही मिनिटांचा.