धाकटा कागद आधी का मोडतो?

आमच्या गावच्या घरात माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक होती. आजोबा गेल्यावर ती खाली उतरवली तेव्हा तळाशी दोन कागद निघाले. एक मोडीतला, वतनाच्या तंट्याचा. दुसरा १९४४ सालचा, धान्याच्या नियंत्रणाच्या काळातला छापील फॉर्म, त्यावर आजोबांची सही. मोडी कागद उलगडला तर कापडासारखा उलगडला. घड्या पडलेल्या होत्या, कडा मळल्या होत्या, एका कोपऱ्याला कसर लागून नक्षी झाली होती, पण कागदात जीव होता. आजोबांचा फॉर्म मात्र घडीवर मोडला. फाटला असं म्हणता येणार नाही. पापडासारखा मोडला, आणि त्याचा पिवळट चुरा हाताला लागून राहिला.

मोडी जाणणाऱ्या एका गृहस्थांनी नंतर त्या पहिल्या कागदाचं साल वाचून दाखवलं: ‘खमस खमसैन मया व अलफ’. पाच, पन्नास, शंभर आणि हजार, म्हणजे ११५५. हा शुहूर सन, जुन्या मराठी दफ्तरांत चालणारी कालगणना. याचं वर्ष मृगाला सुरू होतं, अगदी शेतकऱ्याच्या वर्षासारखं. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७५४ चा जून येतो, आणि तिथून पुढच्या जूनपर्यंत हे वर्ष चालतं. म्हणजे आजोबांचा कागद जवळपास दोनशे वर्षांनी धाकटा, आणि आधी तोच गेला.

हे काही आमच्याच ट्रंकेत घडलं असं नाही. पुण्याच्या पुराभिलेखागारात, ज्याला सगळे अजून ‘पेशवे दफ्तर’ म्हणतात, तिथेही हेच दिसतं. मोडी कागदांचे तिथे तीस हजारांहून जास्त रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, आहेत आणि कागदांची मोजदाद कोटींत करावी लागते. त्यातला अठराव्या शतकातला बराचसा कागद आजही हाताळता येतो. याउलट विसाव्या शतकातल्या कितीतरी सरकारी फायली आणि वर्तमानपत्रं उघडायचीही भीती वाटते. याचं उत्तर रसायनशास्त्रात आहे आणि ते समजून घेण्यासारखं आहे, कारण आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी अशी एखादी ट्रंक असते.

कागद म्हणजे सेल्युलोज. सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या मण्यांची लांबच लांब माळ. कापसाच्या ताज्या धाग्यात एकेका माळेत हजारो मणी असतात. अशा असंख्य माळा एकमेकींत गुंतल्या की तंतू होतो, आणि तंतू एकमेकांत गुंतले की कागद. माळा जितक्या लांब तितका कागद लवचिक. आम्लाचं काम असं की ते माळ मधेच तोडतं. पाण्याचा एक रेणू दोन मण्यांच्या जोडात शिरतो, आम्ल त्याला वाट करून देतं, आणि एका माळेच्या दोन होतात. आम्ल स्वतः खर्ची पडत नाही. ते पुढच्या जोडाकडे वळतं. माळेत जेमतेम काहीशे मणी उरले की कागद दिसायला तसाच असतो, पण घडी सोसत नाही.

आता १७५४ चा कागद बघा. तो हातकागद. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात, जुन्नरला आणि पुण्याच्या कागदीपुऱ्यात कागदी लोक तो करत. जुन्नरी आणि दौलताबादी कागदाला मोठी मागणी असे. कच्चा माल म्हणजे चिंध्या, जुने दोरखंड, गोणपाट, सण. हे सगळे लांब तंतूंचे. माल कुटायचा, चुन्याच्या पाण्यात भिजत ठेवायचा, धुवायचा, पुन्हा कुटायचा. असं अनेकदा केल्यावर लगदा हौदात ढवळून गवताच्या काड्यांच्या चाळणीवर ताव उचलायचा. ताव वाळला की त्याला खळ लावायची आणि गुळगुळीत दगडाने घोटायचा, म्हणजे बोरू अडखळत नाही आणि शाई पसरत नाही.

यात खरी किमया चुन्याची आहे. कागद्याला चुना हवा होता तो मळ काढायला आणि तंतू सुटे करायला. पण धुतल्यावरही थोडा चुना तंतूंत मागे राहतो, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन त्याचं कॅल्शियम कार्बोनेट होतं, आणि पुढे जे काही आम्ल कागदात तयार होईल किंवा हवेतून येईल त्याला ते गिळून टाकतं. आज जगभरच्या प्रयोगशाळांत जुन्या कागदाचं आम्ल मारायला नेमकं हेच करतात: कॅल्शियमचं किंवा मॅग्नेशियमचं अल्कधर्मी द्रावण कागदात मुरवतात. जुन्नरचा कागदी ते आधीच करून ठेवत होता. त्याला रेणू ठाऊक नव्हते. आपला कागद टिकतो एवढं ठाऊक होतं. मला हे फार मोलाचं ज्ञान वाटतं, आणि ते ज्यांच्या हातात होतं त्यांची नावं दफ्तरात फारशी सापडत नाहीत याची रुखरुखही वाटते.

आजोबांच्या फॉर्मची कुंडली वेगळी. १८०७ मध्ये मोरिट्झ इलिग या जर्मन कागदवाल्याने राळ आणि तुरटीची मिश्रणं वापरून कागदाला खळ द्यायची पद्धत काढली. स्वस्त, सोपी, यंत्राला सोयीची. पण तुरटी दमट हवेत आम्ल सोडते. १८४४ च्या सुमारास लाकूड घासून लगदा करायची युक्ती निघाली. लाकडाचे तंतू आखूड, आणि त्यात लिग्निन. लिग्निनला उजेड आणि हवा लागली की ते पिवळं पडतं आणि आणखी आम्ल तयार करतं. वर्तमानपत्राचं कात्रण दोन उन्हाळ्यांत चहाच्या रंगाचं होतं ते यामुळेच. म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनचा पुष्कळसा कागद स्वतःचा नाश स्वतःच्याच पोटात घेऊन जन्मला. जुन्या पुस्तकांचा जो वास आपल्याला आवडतो, त्यातही याच विघटनातून निघणारी व्हॅनिलिन, फरफ्युरल, अ‍ॅसेटिक आम्ल अशी द्रव्यं असतात.

शाईचाही असाच दुहेरी इतिहास आहे. मोडी दस्तांची नेहमीची शाई काजळाची: दिव्याची काजळी, बाभळीचा डिंक आणि पाणी, भरपूर खललेलं. काजळी म्हणजे कार्बन. त्याला हवा, उजेड, आम्ल यांपैकी कशाचंच काही वाटत नाही, म्हणून पावणेतीनशे वर्षांनीही अक्षर काळंभोर राहतं. याचा एकच शत्रू म्हणजे पाणी, कारण डिंक विरघळतो. दुसरी शाई हिरड्याची: हिरड्यातलं टॅनिन आणि हिराकस, म्हणजे लोहाचं सल्फेट. ती लिहिताना फिकी असते, हवा लागली की गडद होते आणि कागदात मुरून बसते. पाण्याने सहज जात नाही, म्हणून लोकांना ती पक्की वाटे. पण ती तयार होताना गंधकाम्ल सुटतं, आणि उरलेलं लोह सेल्युलोजच्या ऑक्सिडीकरणाला जोर देतं. अशा शाईचा जाड फटकारा असेल तिथे कागद तपकिरी होतो आणि शेवटी अक्षराच्या आकाराचं भोक पडतं. युरोपातल्या दफ्तरखान्यांची ही मोठी डोकेदुखी आहे, कारण त्यांची शेकडो वर्षांची मुख्य शाई हीच होती. आपल्याकडे काजळ चाललं, हे आपलं नशीब.

रुमालाकडे बघायला मला नेहमी आवडतं. चौकोनी सुती फडका, आत कागदांची पुडकी, वरून आवळून मारलेली गाठ. पोलादी कपाट आणि प्लॅस्टिकच्या पिशवीपुढे तो गबाळा वाटतो, पण त्याचं विज्ञान पक्कं आहे. सुती कापड ओल शोषतं आणि सावकाश सोडतं, त्यामुळे बाहेरची हवा भराभर बदलली तरी आतल्या कागदाला तो हिसका बसत नाही. पुण्यात हे महत्त्वाचं आहे: एप्रिलच्या दुपारी हवा कोरडी ठणठणीत आणि जुलैत भिंतींना ओल. असं आकुंचन-प्रसरण वारंवार झालं तरी तंतू थकतात. प्लॅस्टिकमध्ये उलट ओल आत कोंडते आणि बुरशीला घर मिळतं. धूळ रुमालावर बसते, आत जात नाही. आणि घट्ट बांधल्याने तावांमध्ये फट राहत नाही, मग कसरीला शिरायला जागा मिळत नाही. पोथ्यांच्या शेवटी लेखक जो श्लोक लिहीत त्यात हे आलेलंच आहे:

तैलाद्रक्षेज्जलाद्रक्षेद्रक्षेच्छिथिलबन्धनात् ।
मूर्खहस्ते न दातव्यमेवं वदति पुस्तकम् ॥

तेलापासून जपा, पाण्यापासून जपा, सैल बांधण्यापासून जपा, आणि मूर्खाच्या हाती देऊ नका. संवर्धनाच्या आजच्या पुस्तकातली पहिली चार पानं यात बसतात.

कसरीला कागदापेक्षा कागदावरची खळ जास्त आवडते. म्हणूनच घोटीव कागदाचा वरचा थर ती खरवडून खाते आणि कागद जागोजाग पारदर्शक होतो. तिला हवा दमट लागते. बुरशीलाही. हवेतली सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिली की बुरशी धरते, म्हणून दफ्तरखान्यात ती पन्नाशीच्या आसपास राखायची धडपड असते. तापमानाचा ढोबळ हिशेब असा की पाचेक अंशांनी गारवा वाढवला तर कागदाचं आयुष्य साधारण दुप्पट होतं. देशावर दफ्तरं टिकली त्यामानाने कोकणातल्या घरांतून कमी उरली, याला माणसांच्या हलगर्जीपेक्षा हवाच जास्त कारण असावी असं माझं मत आहे.

टिकलेल्या कागदांत असतं काय? पेशवे दफ्तरात रोजकीर्द आहे: दिवसाची जमा, दिवसाचा खर्च, दिलेल्या सनदा, सोडलेले हुकूम. त्याच नोंदी विषयवार उतरवून ठेवलेली घडणी आहे. परगण्यांचे ताळेबंद आहेत. लढायांची पत्रं वाचणारे पुष्कळ मिळतात, पण मला या रुक्ष आकड्यांची किंमत जास्त वाटते. गावाला वसुलीत सूट का दिली, पाऊस पडला नाही म्हणून की फौज तुडवून गेली म्हणून, हे तिथे कळतं. १८०२ मध्ये होळकरांची स्वारी पुण्यावर आली आणि पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ पडला. अशा वर्षांत एकेका गावाचं काय झालं याचा माग वसुलीच्या कागदांतूनच लागतो. पर्जन्यमापकं येण्याआधीच्या काळासाठी पावसाचा असा अप्रत्यक्ष पुरावा हवामानाच्या अभ्यासकांनाही कामाचा असतो.

हे दफ्तर उरलं तेही सहजासहजी नाही. नाना फडणिसांच्या काळात फडाची, म्हणजे सरकारी कचेरीची, शिस्त कडक होती. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात ती ढिली पडली. १८१८ मध्ये राज्य गेलं तेव्हा इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनने कागद गोळा करवले, कारण वसूल कोणाकडून किती घ्यायचा हे त्यातच लिहिलेलं होतं. पुढे इनामं खरी की खोटी हे तपासायला इनाम कमिशन नेमलं, १८५२ चा अकरावा कायदा झाला, आणि गावोगावचे आणखी कागद पुण्यात आले. ज्या चौकशीने कित्येकांची इनामं गेली, तिनेच त्यांचे कागद राखले. अभ्यासकांना दफ्तराची दारं बऱ्याच उशिरा उघडली, गो. स. सरदेसाईंनी १९३० ते १९३४ या काळात त्यातले निवडक कागद ४५ खंडांत छापले तेव्हा कुठे ते सर्वसामान्य वाचकापर्यंत पोहोचले. सरकारी भिंतींबाहेर इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे गावोगाव वाडे धुंडाळत होते. त्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ चा, आणि पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० चं.

जिल्ह्याचा इतिहास मात्र एकट्या पुण्यात नाही. तो तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्येही आहे. २०२३ मध्ये मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना बोलावणी गेली, कोतवाल बुकं आणि गाव नमुना १४ ची जन्ममृत्यूची पुस्तकं बाहेर निघाली, आणि पणजोबाच्या नोंदीवर नातवाचं भवितव्य अवलंबून असतं हे सगळ्यांनी पाहिलं. त्यातली पुष्कळ पुस्तकं त्याच मोडक्या धाकट्या कागदाची आहेत, आणि मला काळजी त्यांचीच वाटते.

अशा कागदाची डागडुजी कशी करतात ते मी जवळून पाहिलं. आधी मऊ ब्रशने धूळ. मग एका अक्षराच्या टोकाला पाण्याचा बारीकसा थेंब लावून टिपकागद दाबायचा. टिपकागदावर काळा डाग उमटला तर त्या कागदाला ओलं करायचं नाही. शाई पक्की निघाली तर आम्ल मारायच्या द्रावणात आंघोळ. मग कांद्याच्या सालीसारखा पातळ जपानी कागद, लांब तंतूंचा, गव्हाच्या सत्त्वाच्या खळीने फाटलेल्या जागी बसवायचा. खळ मुद्दाम अशी की उद्या कोणाला ही दुरुस्ती उलगडायची झाली तर पाण्याने सुटेल. दुरुस्ती करणाऱ्या बाई ज्यावर काम करत होत्या तो ताव तळहाताएवढा होता, आणि त्यांची अख्खी दुपार त्यात गेली.

म्हणूनच घरी कागद सापडला की चिकटपट्टी लावू नका. तिचा डिंक काही वर्षांत तेलकट पिवळा होऊन कागदात उतरतो, आणि मग निघत नाही. लॅमिनेशन तर नकोच: उष्णतेने प्लॅस्टिक तंतूंत वितळतं, आम्ल आत बंद होतं आणि परतीची वाट राहत नाही. माझ्या एका नातलगाने घराण्याची सनद हौसेने लॅमिनेट करून भिंतीवर लावली. आज ती तपकिरी झाली आहे आणि तिच्यासाठी कोणालाच काही करता येत नाही. पावसाळ्यानंतर कागदांना हवा द्या, पण सावलीत. उन्हातली अतिनील किरणं माळा तोडतात. डांबरगोळ्यांचा उघड्या माळ्यावर फार उपयोग होत नाही आणि त्यांची वाफ माणसाला वाईट. पुरात कागद भिजले तर पहिले दोन दिवस महत्त्वाचे, नंतर बुरशी धरते. सुकवणं जमत नसेल तर पिशवीत घालून सरळ फ्रीजरमध्ये ठेवावेत. गोठलेला कागद वाट पाहू शकतो. कोल्हापूर-सांगलीच्या २०१९ च्या पुरानंतर उकिरड्यावर गेलेले कितीतरी कागद असे वाचले असते.

आणि फोटो काढा. डिजिटल प्रत मूळ कागदाची जागा घेत नाही, पण हाताळणी कमी करते. मोडीला २०१४ मध्ये युनिकोडात जागा मिळाली, आणि संगणकाला मोडी वाचायला शिकवायचे प्रयत्न चालू आहेत. काम कठीण आहे. मोडीत आधी ओळभर शिरोरेघ ओढतात आणि मग हात न उचलता अक्षरं टाकत जातात, शब्द कुठे संपला हे संदर्भावरून ओळखायचं.

आमचा ११५५ चा कागद आता सुती फडक्यात, आम्लरहित पुठ्ठ्याच्या खोक्यात आहे. बांधण्याआधी खिडकीपाशी धरला तर घडीच्या रेषेत काहीतरी चमकलं. वाळूचे कण होते ते. शाई टिपायला कारकून ओल्या अक्षरांवर वाळू भुरभुरवत आणि कागद झटकत. त्याने झटकल्यावरही जी राहिली ती अजून तिथेच होती. ब्रश हातात होता, पण तेवढ्या घडीवरून मी तो फिरवला नाही.